पर्स म्हणजे नेमकी कोणती? नागपूरकरांनो, निकाल लावा

बर्डीची_पाहुणी
परवा इतवारीत किराणा घेताना बॅगेत हात घातला तर पर्स नाही. नवऱ्याला फोन केला, "पर्स घरी राहिलीय का बघ जरा." त्यानं दारामागची खुंटी पाहिली आणि म्हणाला, "नाही, तू नेली ना." झालं. आधीच्या तिन्ही दुकानांत परत गेले, ऑटोवाल्याला शोधलं, कार्ड बंद करून टाकलं. संध्याकाळी घरी आले तर पर्स फ्रिजवर, लिंबांच्या वाटीशेजारी! नवरा शांतपणे म्हणतो, "हे तर पाकीट आहे. पर्स तुझ्या खांद्यावर होती."

तो पक्का नागपूरचा, मी साताऱ्याची. आमच्या घरी पैसे ठेवायची, मुठीत मावणारी ती पर्स आणि खांद्याला अडकवायची ती बॅग. डबा, छत्री, पाण्याची बाटली मावते तिला पर्स म्हणणं चूकच आहे, असं माझं स्पष्ट मत. बोला.

संत्र्याची_फोड
चूक काहून बाप्पा? बर्डीवर फुटपाथवाल्याला "पर्स दाखवा" म्हणून पहा. तो काठीच्या आकड्यानं वर टांगलेली मोठीच काढून देते. त्याले कोणी डिक्शनरी नाही शिकवली, रोज शंभर बाया मागतात तेच तो देऊन राहिला. आणि माझी पुण्याची नणंदही मोठीलाच पर्स म्हणते. तुमच्या घरचा नियम अख्ख्या महाराष्ट्राच्या माथी नका मारू.

जुना_कोश
दोघी बरोबर आहात, म्हणूनच भांडण मिटणार नाही. लॅटिनमध्ये 'बर्सा' म्हणजे कातड्याची थैली, त्यावरून पर्स. आजही ब्रिटनमध्ये पर्स म्हणजे बायकांची पैशांची छोटी, आणि ती ज्यात टाकायची ती हँडबॅग. अमेरिकेत त्या हँडबॅगलाच पर्स म्हणतात. म्हणजे साताऱ्यात इंग्रज राहिला आणि नागपुरात अमेरिकन आला म्हणा! गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात हँडबॅग हे प्रवासात हाती धरायच्या सामानाचं नाव होतं, पुरुषांच्यासुद्धा. बायकांच्या हातात ती नंतर आली.
पण मूळ अर्थ पैशाचाच, हे खरं. आयपीएलच्या २०२५च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटींची 'पर्स' होती. त्यात कोणी छत्री ठेवत नव्हतं.

बर्डीची_पाहुणी
हेच तर म्हणतेय मी! पैसा तिथे पर्स.

संत्र्याची_फोड
मूळ अर्थावरच जायचं तर 'दप्तर' पण सोडा मग. फारसीत ते कागदपत्रांचं, कचेरीचं. आपण पोराच्या पाठीवर टाकलं, त्यात डबा न् कंपासपेटी भरली. तेव्हा कोणी चूक म्हटली नाही.

महालातला_मराठी
परका शब्द हवाच कशाला? 'बटवा' आहे की आपला! छोटा बटवा, मोठा बटवा. वाद संपला.

लग्नघरची_मावशी
दादा, तुम्ही बटवा कधी हातात धरला आहे का? त्याला तोंडाशी नाडी लागते. दोन्ही टोकं ओढली की चुण्या पडून तोंड मिटतं, तोच बटवा. नाडी नाही तर बटवा नाही. पैठणीच्या काठाचे बटवे हल्ली लग्नात मिरवतात, मीही शिवून देते. पण आत फोन वाजला तर नाडी सोडेस्तोवर कट होतो. आमच्या आजोबांची चंची होती, ती तर आणखी वेगळी. कापडाची घडी, आत पानाचा, सुपारीचा, तंबाखूचा असे कप्पे, वरून गुंडाळून दोरी. तिला बटवा म्हटलं असतं तर म्हातारा रागावला असता. प्रत्येक नावामागे एक शिवण असते, सगळं एका शब्दात कसं कोंबणार?

फक्त_खिसा
माझा मुद्दा वेगळाच. मी आणि बायकोनं एकाच दुकानातून, एकाच चामड्याची, तीन घड्यांची वस्तू घेतली. माझं ते पाकीट, तिची ती पर्स. वस्तू तीच, हात बदलला की नाव बदलतं आणि लिंगही! पण गर्दीत बाईची पर्स मारली तरी मारणारा पाकीटमारच. पर्समार कोणी ऐकलाय?

बर्डीची_पाहुणी
हे मात्र खरं. पण मग माझा नवरा माझ्या पर्सला पाकीट का म्हणतो?

फक्त_खिसा
कारण तुमच्याकडे दोन वस्तू आहेत आणि 'पर्स' हे नाव मोठीनं आधीच बळकावलं. छोटीला उरलं ते दिलं. बिचाऱ्या पाकिटावर ओझं फार आहे, आहेराचंही पाकीट, दुधाचंही पाकीट.

लग्नघरची_मावशी
आणि क्लच, स्लिंग? माझी सून स्लिंगला पर्स म्हटलं की हसते. पट्टा आडवा घातला तर स्लिंग, पट्टाच नाही तर क्लच. बास, एवढंच कळलं मला.

महालातला_मराठी
सगळ्यात वाईट म्हणजे 'थैली'. चांगला 'पिशवी' शब्द असताना आपले लोक भाजीवाल्याला थैली मागतात. हिंदीचा परिणाम.

संत्र्याची_फोड
मग पुढाऱ्यांना जाहीर सत्कारात 'थैली अर्पण' करत होते ते काय हिंदीत? तिथे पिशवी अर्पण केली म्हणून पहा, कशी वाटते ते. २०१८ ला प्लास्टिकबंदी आल्यापासून माझी सासू तर कापडी थैली घडी करून पर्समध्येच ठेवते. मोठ्या पर्समध्ये, बरं का ताई. तुमच्या पर्समध्ये रुमाल तरी मावते का?

जुना_कोश
थैली मराठीत चांगली मुरलेली आहे. फक्त नागपूरकडे ती रोजच्या भाजीची, इतरत्र बहुतेक पैशांची. आता पुन्हा 'पैसा तिथे थैली' सुरू करू नका.

बर्डीची_पाहुणी
नाही करत. पण प्रयोग केला. आज सकाळी दुधवाला दारात उभा होता. नवऱ्याला मुद्दाम त्याच्याच भाषेत सांगितलं, "पाकीट आण जरा."
त्यानं स्वतःचं आणून दिलं.

संत्र्याची_फोड
मग? पैसे काढले की नाही?

बर्डीची_पाहुणी
पाचशेची एकच नोट होती. काढली.