"उघडणारा लॅपटॉप दहा वर्षं चालतो" : सोलापुरात चालवून दाखवा

होटगीरोडवाला
काल इथे एकाने लेनोवोच्या थिंकपॅड टी४८० लॅपटॉपचा फोटो टाकून लिहिलं, "रॅम-डिस्क बदलता येणारा लॅपटॉप घ्या, दहा वर्षं बघायला नको. पातळ मशीन घेणारे पैसे पाण्यात घालतात." दहा वर्षांचा हिशेब नीट मांडा की मग. टी४८० आला २०१८ ला. आठव्या पिढीचा इंटेल, म्हणून विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत जेमतेम बसला. त्याच्या आदला टी४७० पण तसाच उघडणारा, त्यालाही रॅमचे दोन स्लॉट. पण प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तो गेला यादीबाहेर. त्याच्या स्लॉटांनी काय वाचवलं? प्रोसेसर दोघांचाही बोर्डावर सोल्डर केलेला. म्हणजे तुमचं अपग्रेड म्हणजे रॅम, डिस्क आणि वायफाय कार्ड. शिवाय २५० निट्सचा, म्हणजे कमी उजेडाचा, तो मळकट पडदा. एप्रिलमध्ये खिडकीशी बसून त्यावर एक्सेल वाचून दाखवा.

तिसरी_पाळी
पडदा बदलतो की राव. १४ इंची, मॅट, १०८० रिझोल्यूशनवाला घ्यायचा, ३० पिनी केबलचा. ४०० निट्सचे लो पॉवर पॅनल मिळतात, तेच घ्या. १४४० च्या मोहात पडलात तर केबलही ४० पिनी लागते. ती न घेता पॅनल मागवतात आणि मग पडदा काळा म्हणून ओरडतात.
रॅम कागदावर ३२ जीबी, पण ३२ च्या दोन स्टिक घातल्या तर ६४ पण घेतो. २०१९ च्या टी४९० मध्ये एक रॅम सोल्डर करून एकच स्लॉट ठेवला, म्हणून तर लोक टी४८० ला चिकटून आहेत. आणि विंडोजचं रडगाणं असेल तर लिनक्स टाका.

होटगीरोडवाला
टाका लिनक्स आणि सांगा मार्केट यार्डातल्या दिवाणजीला, टॅली आता वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) उघडा म्हणून. मार्च अखेर आहे, तुमचा नंबर देऊन ठेवतो त्याला.

दुरुस्ती_नवीपेठ
बॅटरीचं कुणीच बोलत नाही. या मशीनला दोन असतात. आतली २४ वॉट-अवर, बाहेरची २४, ४८ किंवा ७२. मशीन आधी बाहेरची संपवतं, मग आतली. म्हणून चार्जरवरच बसलेल्या मशीनमध्ये आतली कायम शंभर टक्के भरून, गरम, पडून राहते आणि फुगते. टचपॅड जड दाबायला लागला की झाकण उघडून बघा. ७५ ला चार्ज सुरू, ८० ला बंद, असं दोन्हींना लावून ठेवा.
'कम्पॅटिबल' बॅटरी घेतली तर दुकानातच विंडोजच्या पॉवरसीएफजी कमांडने बॅटरी रिपोर्ट काढा. पण नुसत्या फुल चार्ज कपॅसिटीच्या आकड्यावर जाऊ नका, त्या चिपमध्ये काहीही लिहून ठेवता येतं. एकदा पूर्ण उतरवून बघा. ३० टक्क्यांवरून थेट बंद पडली तर सेल जुने आहेत.

चादरवाला
विंडोज आणि बॅटरी नंतर. सोलापुरात लॅपटॉप मरतो तंतूने! अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागाशेजारच्या ऑफिसातलं कुठलंही मशीन उघडा. पात्यांवर फारसं काही दिसत नाही. पंख्याचं तोंड आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या पातळ फिन यांच्या मधे मात्र टॉवेल विणलेला असतो. राखाडी, दाबलेला, नखाने एका तुकड्यात सोलून निघणारा. बाहेरून ब्लोअर मारला तर तो फिनमधून सुटतो आणि मागे पंख्यात जाऊन अडकतो.
पद्धत अशी. चार्जर काढा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन आतली बॅटरी डिसेबल करा, मग बाहेरची काढा. झाकणाचे स्क्रू फक्त सैल करायचे, ते झाकणातच राहतात. कडा प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने सोडवा. स्क्रूड्रायव्हर घातला की झाकणाचे प्लास्टिकचे कान तुटलेच. मग तंतू चिमट्याने उचला आणि राहिलेल्यावर मऊ ब्रश फिरवा.

रेपियर_६
एवढा सोहळा? कारखान्यात कॉम्प्रेसर आहे की. एक फुंकर मारली, साफ.

चादरवाला
सहा-सात बारची हवा लहान पंख्यावर? मोकळा सोडला तर तो त्याच्या ताकदीबाहेर फिरतो, बेअरिंग जातं. लायनीतलं पाणी आणि तेलाचा वाफारा बोर्डावर बसतो तो वेगळाच. त्यावर पुन्हा तंतू चिकटला की खळ लावलेल्या सुतासारखा होतो.

रेपियर_६
ड्रायर बसवलेला असतो लायनीला. माहिती नसेल तर बोलू नये बे.

चादरवाला
ड्रायर पाणी काढतो, प्रेशर काढत नाही. आणि ड्रायरवाले कारखाने किती, साधे माग किती, ते मोजून या. पंखा बोटाने धरून मारता का मोकळा, तेवढं सांगा.

दुरुस्ती_नवीपेठ
पंखा काढलाच आहे तर प्रोसेसर आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्या मधली पेस्टही बदला. हीटसिंकवर स्क्रूंचे आकडे असतात, त्याच क्रमाने, थोडे थोडे आवळा. शेजारचे थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे लावा. जाड लागला तर हीटसिंक प्रोसेसरवर टेकतच नाही. पेस्ट नवी आणि मशीन आधीपेक्षा गरम, हे त्यामुळेच होतं. खोलीतच ४२ अंश असतील तर साधी पातळ पेस्ट तापून-थंडावून कडेला सरकते. त्यापेक्षा पेस्टच्या जागी ०.२५ मिमीची फेज-चेंज शीट (तापली की मऊ होऊन पसरणारी) बरी. साधारण ४५ अंशाला मऊ होते, चार-पाच वेळा तापली की बसते. पहिल्या दिवशी आकडे वाईट आले म्हणून काढून टाकू नका.

तिसरी_पाळी
हे सगळं करता येतं, कारण मशीन उघडतं. मुद्दा तोच होता.

होटगीरोडवाला
पातळ मशीनचंही झाकण निघतं हो, पंखाही साफ होतो. भाग कुठून आणणार ते बोला. डिसेंबर २०२२ ला सरकारने राइट टू रिपेअर पोर्टल काढलं. त्यावर कंपनीच्या माहितीचा दुवा मिळतो, बिजागरी मिळत नाही. आणि खरा उघडणारा लॅपटॉप म्हणजे फ्रेमवर्क कंपनीचा २०२१ चा, ज्याचा अख्खा बोर्ड बदलतो. तिथेही डीडीआर४ रॅमचा बोर्ड काढून नव्या डीडीआर५ चा घातला की जुनी रॅम कपाटात. त्यात २०२५ अखेर रॅमचे भाव कुठे गेले ते बघा.

तिसरी_पाळी
सांगाडा, पडदा, कीबोर्ड, चार्जर तर राहिले की नाही? टी४८० चा कीबोर्ड सांडलेल्या चहाने गेला तर खालून दोन स्क्रू, चौकट सरकवली, वर उचलला. पातळ मशीनमध्ये बहुतेकदा तोच कीबोर्ड वरच्या झाकणाला प्लास्टिकच्या गुंड्या वितळवून बसवलेला असतो. झाकणासकट घ्या, नाहीतर पन्नास गुंड्या सोलत बसा.

होटगीरोडवाला
बरं. कीबोर्ड आणि बाहेरची बॅटरी, एवढ्यापुरतं मान्य. दहा वर्षं मान्य नाहीत. आणि चार्जिंगचा टाइप-सी पोर्ट तुमच्या लाडक्यात बोर्डावरच सोल्डर आहे, तो हलला की काय सोलता बघू.

दुरुस्ती_नवीपेठ
हे मात्र खरं. तो पोर्ट म्हणजे हॉट एअर आणि मायक्रोस्कोपचं काम, स्क्रूचं नाही. चार्जरची वायर लोंबकळत ठेवू नका. थंडरबोल्टचं, म्हणजे त्या पोर्टमागच्या चिपचं, फर्मवेअर जुनं असेल तर आजच अपडेट मारा, नाहीतर एक दिवस त्या पोर्टवर डिस्प्ले येईनासा होतो आणि लोक सॉकेट गेलं म्हणून बोर्ड तापवत बसतात.

चादरवाला
कॉम्प्रेसरवाले, पंखा धरून का मोकळा? उत्तर राहिलंय.