एका इकोत ४ मिमी छिद्र, दुसऱ्या इकोत पडदा अखंड

प्रश्न:
माझी मुलगी सहा वर्षांची आहे. शाळेतील आरोग्य तपासणीत तिच्या ठोक्यांबरोबर ‘मर्मर’ हा जादा आवाज ऐकू आला, म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. अहवालात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला ४ मिमीचे छिद्र लिहिले होते. महिन्याभराने दुसरीकडे केलेल्या इकोत पडदा अखंड असल्याचे सांगितले. मुलगी खेळते, वजनही वाढते आहे. कोणता अहवाल खरा मानावा?

प्रतिसाद १:
मी लहान मुलांचे इको करते. प्रोब (छातीवर टेकवायचे सोनोग्राफीचे उपकरण) हृदयाच्या टोकाशी धरला की ध्वनिलहरी त्या पडद्याला समांतर जातात, आणि पडद्याचा मधला भाग मुळातच पातळ असल्याने तिथे काळी फट दिसते. ती छिद्रच असते असे नाही. म्हणून बरगड्यांखाली, पोटाच्या वरच्या भागावर प्रोब ठेवून पडदा लहरींना आडवा आणावा लागतो, आणि कलर डॉपलरमध्ये रक्त डावीकडून उजवीकडे जाताना दिसावे लागते. मूल रडून पोट ताठ करत असेल, तर नेमका हाच कोन मिळत नाही. दोन्ही अहवालांत उजव्या कप्प्यांच्या आकाराबद्दल काय लिहिले आहे?

प्रश्नकर्ती:
दोन्हींत आकार सामान्य आहे. पहिल्या वेळी ती सतत रडत होती. दुसऱ्या वेळी झोपली होती.

प्रतिसाद २:
माझ्या बाबतीत उलटे घडले. मेंदूचा छोटा झटका आला, तेव्हा साधा इको स्वच्छ होता. मग दोन सिरिंजमध्ये सलाईन आणि किंचित हवा घुसळून ते दंडाच्या शिरेतून सोडले आणि मला श्वास रोखून कुंथायला सांगितले. मॉनिटरवर उजवा कप्पा बुडबुड्यांच्या पांढऱ्या ठिपक्यांनी भरला, आणि तीन ठोक्यांच्या आत काही ठिपके डाव्या कप्प्यात गेले. म्हणजे वरच्या कप्प्यांमधील पडद्यात फट होती; जन्मानंतर न मिटलेली ही झडपेसारखी फट सुमारे २५ टक्के प्रौढांत असते. तुमच्या मुलीला ही तपासणी लागेल असे मात्र मला वाटत नाही.

प्रतिसाद १:
मग माझा कल दुसऱ्या अहवालाकडे आहे. या छिद्रामुळे येणारा मर्मर छिद्राचा नसतो. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या झडपेतून जास्त रक्त वाहते, त्याचा असतो, आणि उजवे कप्पे सामान्य असताना ४ मिमीच्या छिद्रातून तेवढे रक्त सहसा वाहत नाही. या वयात निर्दोष मर्मर, म्हणजे हृदयात दोष नसतानाही येणारा आवाज, पुष्कळ मुलांत ऐकू येतो. तरीही बालहृदयरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, आणि जाताना नुसते कागद न नेता दोन्ही इकोंच्या चित्रफितींची सीडी मागून घ्या.