सोलापूरची हवा: आधी रस्ता की आधी घर?

पूर्व भागातील शिक्षिका:
हवेची मानके सातत्याने ओलांडणाऱ्या शहरांसाठी केंद्र सरकारने 2019 साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला आणि त्या यादीत आपले सोलापूरही आहे. शहराची प्रगती मुख्यतः पीएम 10 या जाडसर कणांवरून तपासली जात असल्याने या कार्यक्रमाचा पैसाही रस्त्यांकडेच वळतो. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 2024 साली दाखवून दिले, की देशभरातील या निधीचा 64 टक्के हिस्सा रस्त्यांवरील धुळीवर खर्च झाला. माझा आक्षेप या अग्रक्रमालाच आहे. मी विद्यार्थिनींच्या घरी जाते तेव्हा आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते, तंबाखूची पूड तिच्या पदरावर आणि बोटांच्या पेरांवर बसलेली असते, आणि हातभर अंतरावर तान्हे मूल निजलेले असते. ही हवा कोणते यंत्र मोजते?

होटगी रोड:
ताई, आपली तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही. घरातील धूळ-धूर निदान खिडकी उघडून कमी करता येतो. चौकात दिवसभर उभ्या असलेल्या भाजीवाल्या मावशींनी कोणती खिडकी उघडायची? गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, शेतात पाचट पेटते, शिवाय फताटेवाडीला 1320 मेगावॅटचे कोळशावरचे वीज केंद्र आहे. पीएम 2.5 या अतिबारीक कणांसाठी आपल्या देशाचे वार्षिक मानक घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली स्वतःची शिफारस केलेली मर्यादा 5 वर आणली. म्हणजे आपण ज्याला चांगली हवा म्हणतो तीही छातीला चांगली असेलच असे नाही. सार्वजनिक पैसा सार्वजनिक हवेवरच खर्च व्हावा. आणि घरोघरी तपासणी सुरू झाली, तर ठेकेदार त्या बायांचे कामच बंद करतील, याचाही विचार व्हावा.

यंत्रमागावरचा:
माझे वडील टॉवेलच्या मागावर तीस वर्षे राबले. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर सुताचे पांढरे तूस असायचे आणि आई ते ओल्या फडक्याने पुसायची. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी त्यांची छाती आवळून यायची, पुढे दोन दिवसांत बरे वाटायचे, म्हणून आम्ही त्याला दुखणे मानलेच नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्पुसांच्या आजाराची सुरुवात नेमकी अशीच होते, हे फार उशिरा समजले. होटगी रोडवाले, मागाच्या शेडला अनेकदा खिडकीच नसते.

पूर्व भागातील शिक्षिका:
बायांचे काम जाण्याची भीती मलाही आहे, म्हणूनच तपासणीचा बडगा मालकावर असावा, बाईवर नको. पण ‘खिडकी उघडा’ हे उत्तर मला मान्य नाही. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून गॅस घरोघरी आला खरा. तरी टाकी पुरवून वापरायची म्हणून आंघोळीचे पाणी अजून तुराट्यांवर तापते आणि भाकरीही अनेक घरी चुलीवरच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली, आणि हा भार मुख्यतः आपल्यासारख्या देशांवर आहे. हे बारीक कण फुप्पुसातून रक्तात उतरतात, म्हणून पक्षाघात आणि हृदयविकारही त्यातून उद्भवू शकतात. गरोदर बाईच्या बाळाचे वजनसुद्धा घटू शकते. रस्ता झाडू नका असे मी म्हणत नाही. त्याच निधीतून विडी कामगारांच्या वस्तीत आणि मागाच्या शेडमध्ये वर्षभर हवा मोजा, एवढीच माझी मागणी आहे.

होटगी रोड:
मोजणीला माझा विरोध नाही, आणि खिडकीचे विधान मी मागे घेतो. मात्र शेडमधील धूळ हा कारखान्यांसाठीच्या कायद्याचा विषय आहे. तो खर्च मालकाकडून वसूल व्हावा, रस्त्याच्या निधीतून नव्हे. या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे.

यंत्रमागावरचा:
घराला लागूनच चार माग टाकून बसलेल्या माणसाला कारखान्यांचा कायदा लागू होत नाही. तिथे मालकही तोच, खोकणाराही तोच. त्याचा खर्च कोणाकडून वसूल करायचा, तेवढे सांगा.