दहावीला बीजगणित-भूमिती सगळ्यांनाच कशाला?

निळी_शाई
विषय जुनाच आहे पण काल घरात परत पेटला म्हणून धागा काढतेय. लेक दहावीत. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड, मराठी-इंग्रजी झकास, आणि गणित म्हटलं की पोटात गोळा. काल प्रिलिमचा भूमितीचा पेपर मिळाला, 40 पैकी 11. रात्री जेवली नाही. मी नोकरीत 22 वर्षं काढली, स्पर्शिका-छेदिका प्रमेय एकदाही आडवं आलं नाही. बेरीज-वजाबाकी, टक्केवारी, व्याज एवढं सातवीपर्यंत होतंच की, पुढचं ज्याला हवं त्याने घ्यावं. मधे काही वर्षं सामान्य गणिताचा पर्याय होता तोही बंद केला. 2024 मधे ते गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 मार्क मिळाले तरी अकरावीला जाता येईल, फक्त पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही, असं राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात आलं होतं तेव्हा लोकांनी उगाच झोडपलं. मला तर पटलं होतं.

गुण्या_ओळंबा
ताई, मी बांधकामाची कामं घेतो. आमचा गवंडी चौथी शिकलेला, दोरीवर 3 फूट 4 फूट खूण करतो, समोरचं 5 भरलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. पायथागोरस कोण हे त्याला माहीत नाही. पण परवा 11 बाय 14 ची खोली आखायची होती, कर्ण किती धरू म्हणून मलाच फोन. 17 फूट पावणेदहा इंच सांगितलं. म्हणजे हाताखाली काम करायचं की काम घ्यायचं, फरक तिथे पडतो बघा.

उगाच_एक
काका त्याला म्हणावं 6-8-10 घे, 11 बाय 14 च्या खोलीत आरामात बसतंय, वर्गमूळ पाहिजे कशाला 😄 आणि दोन्ही कर्ण सारखे आले की झालं, हे कुठलाही जुना मिस्त्री सांगेल. मुद्दा असा की तुमच्या गवंड्याला गणित येतं, त्याला पेपर येत नाही. आमचं उलटं होतं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता सगळं गाईडमधून पाठ, आकृतीतली अक्षरं ए बी सी ऐवजी पी क्यू आर आली तर घाम फुटायचा, तरी मला 80 पैकी 68 होते. याला तर्कशक्ती वाढणं म्हणत असतील तर नमस्कार. निळी_शाई यांना पूर्ण पाठिंबा.

गुण्या_ओळंबा
6-8-10 चं बरोबर आहे, गवंड्याला सांगतो 🙏 पण 68 मार्क पडलेच ना तुम्हाला, म्हणून आज ऐटीत गणित नको म्हणताय.

रात्रपाळी
नर्स आहे, त्यामुळे थोडं चिडून लिहितेय. 500 एमएल सलाईन 4 तासात द्यायचं, सेट एका एमएलला 20 थेंबांचा, मिनिटाला किती थेंब? 500 गुणिले 20 भागिले 240, म्हणजे 41-42. सिरप 5 एमएलमधे 125 मिलिग्रॅम, लेकराला 150 द्यायचंय, तर 6 एमएल. सातवीचंच त्रैराशिक आहे, मान्य. पण नवीन मुली येतात, दहावीला सत्तरच्या वर मार्क, आणि इथे सूत्र कुठलं लावू विचारतात. सूत्र नाही गं बाई, 125 ला 5 तर 25 ला 1, झालं. सातवीचं सातवीत पक्कं होत नाही, ते पुढची तीन वर्षं घासून होतं, म्हणून माझं मत सक्ती ठेवा. घाबरणारी पोरगी पेशंटच्या उशाशी उभी राहिली तर काय करायचं?

उगाच_एक
घाबरवलं कोणी तिला? याच सक्तीने ना?

एसपी_वाला
मी पळवाटा काढत आलेला माणूस, अनुभव सांगतो. कॉमर्सला मॅथ्स की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) विचारलं, मी एसपी. मग अकाउंट्सही नको म्हणून बीएला सायकॉलॉजी, म्हटलं आता सुटलो. आणि तिथे स्टॅटिस्टिक्स! मीन, एसडी, कोरिलेशन, एमएला तर टी-टेस्ट. वर्गातल्या निम्म्या लोकांची थोबाडं बघण्यासारखी होती कारण सगळे माझ्यासारखेच पळून आलेले. तेव्हा ताई, लेकीला पंधराव्या वर्षी दार लावून घेऊ देऊ नका, नंतर कुठलं उघडावंसं वाटेल सांगता येत नाही.

निळी_शाई
हे जरा लागलं. पण तुम्ही निभावलंतच ना, दहावीच्या त्रिकोणांशिवाय? गरज पडली तेव्हा शिकलात.

एसपी_वाला
निभावलं म्हणजे दोनदा बसून 😅

हिशोबी_दुकानदार
बाईकच्या लोनचं सांगतो. भाचा 9 टक्क्याने मिळालं म्हणून खूश. 1 लाख, 3 वर्षं. बघितलं तर फ्लॅट रेट, म्हणजे व्याज 27 हजार सरळ मुद्दलात मिळवून भागिले 36, हप्ता साधारण 3528. अरे बाबा मुद्दल दर महिन्याला फिटत चाललंय आणि तू शेवटच्या महिन्यातही पूर्ण लाखावर व्याज देतोयस. घटत्या शिल्लकीवर धरलं तर दर 16 च्या वर जातो. आणि जीएसटी. बिल 1180, त्यात 18 टक्के धरलेले, मूळ किंमत काढ म्हटलं तर दहातले आठ जण 1180 चे 18 टक्के काढून वजा करतात, येतात 967 रुपये 60 पैसे. उत्तर 1000 आहे. आमचे आजोबा पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ म्हणायचे, त्यांना कोणी असं गंडवलं नसतं. हल्ली 47 ला सत्तेचाळीस म्हणायचं की चाळीस सात यावर 2019 ला आपल्याकडे महिनाभर भांडणं झाली, असो, तो वेगळा धागा होईल.

उगाच_एक
हेच तर शिकवा ना मग! हप्ता, बिल, लोन. स्पर्शिका कशाला?

हिशोबी_दुकानदार
पुस्तक उघडून बघा. दहावीच्या भाग 1 मधे अर्थनियोजन नावाचा धडा आहे, जीएसटी, शेअर्स सगळं.

निळी_शाई
धडा आहे, लेकीचा झालाय. बिलाचा तक्ता तयार असतो, रिकाम्या चौकटीत आकडे भरायचे. घरचं किराण्याचं बिल तिला दाखवलं तर म्हणते यात सीजीएसटीची ओळ शोधायची कुठे.

रात्रपाळी
म्हणजे राग गणितावर नाहीये तुमचा, चौकटींवर आहे.

निळी_शाई
असेल. पण चौकट भरली नाही तर नापास तीच होते, चौकट नाही.

गुण्या_ओळंबा
ताई, पोरगी चित्र मोठं कसं करते? भिंतीवर वगैरे काढलंय कधी?

निळी_शाई
हो, गेल्या गणपतीत सोसायटीच्या भिंतीवर. कागद 24 बाय 36 सेंटीमीटर, त्यावर 3-3 सेंटीमीटरचे चौकोन पाडले, भिंतीवर एक एक फुटाचे, 8 फूट बाय 12 फूट झालं. कोणी शिकवलं नाही.

गुण्या_ओळंबा
अहो मग समरूपताच की ती! भाग 2 चा पहिलाच धडा. सांगा तिला.

निळी_शाई
आत्ताच विचारून आले. म्हणाली, "आई, माहितीये मला ते, पण पेपरात फक्त त्रिकोणच येतात." आणि परत दार लावून बसलीये.