मदत हवी आहे: सरकारी खर्च जीडीपीच्या किती टक्के? आमचं उत्तर २५.५६, छापील १५

पागोळी:
रत्नागिरीत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासगटासाठी तक्ता करायचा आहे. २०२३-२४ चा केंद्राचा प्रत्यक्ष खर्च ४४.४३ लाख कोटी रुपये घेतला, जीडीपी १७३.८२ लाख कोटी. भागाकार येतो २५.५६ टक्के, पण जिथे बघावं तिथे १५ च्या आसपास छापलंय. कुठे चुकतंय? शिवाय यात राज्याचा आणि जिल्हा परिषदेचा खर्च मिळवला की 'एकूण सरकारी खर्च' झाला असं धरायचं का? हेच गणित एकट्या रत्नागिरी जिल्ह्यापुरतं जमेल का?

खाडीकाठ:
भागाकार बरोबर आहे, छेद चुकीचा आहे. १७३.८२ हा स्थिर किमतींचा आकडा, म्हणजे २०११-१२ च्या भावाने मोजलेला. खर्च मात्र २०२३-२४ च्या रुपयांत. खताचं बिल यंदाच्या दराने आणि हापूसच्या पेट्या बारा वर्षांपूर्वीच्या भावाने लावल्या तर बाग बुडीतच दिसणार. चालू किमतींचा जीडीपी घ्या: २९५.३६ लाख कोटी. उत्तर १५.०४ टक्के.

आता पुढची खोच. २९५.३६ हा मे २०२४ चा तात्पुरता अंदाज. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुधारून ३०१.२३ झाला, त्याने भागलं तर १४.७५. खर्चात एक रुपयाचा फरक नाही, तरी टक्का उतरला. म्हणून आकड्याशेजारी तो कुठल्या महिन्याचा अंदाज आहे ते लिहाच. अर्थसंकल्प मांडताना धरलेला खर्च (४५.०३) आणि तेव्हाच गृहीत धरलेला जीडीपी (३०१.७५) ही तिसरी जोडी, तिचं उत्तर १४.९२. एका जोडीचा अंश दुसरीच्या छेदावर ठेवू नका.

जीव्हीए (सकल मूल्यवर्धन) हाताशी लागला तर तोही नको. त्यात वस्तू-सेवांवरचे कर (अनुदानं वजा जाता) नसतात, त्यामुळे टक्का उगाच फुगतो.

तळकोकणी:
वरच्याशी सहमत. बेरजेचं मात्र जपून. समजा राजापूर तालुक्यात जलजीवन मिशनची १ कोटीची नळयोजना आहे. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्याचा वाटा निम्मा-निम्मा. केंद्राच्या हिशेबात ५० लाखांचं अनुदान खर्ची पडतं. ते राज्याच्या तिजोरीत येतं आणि राज्य स्वतःचे ५० लाख घालून पुढे १ कोटी खर्च दाखवतं. जिल्हा परिषदेने काम केलं तर तिच्या वहीत पुन्हा १ कोटी. तिन्ही मिळवले तर अडीच कोटी, आणि पाइप पडले एक कोटीचे! वरच्या सरकारने खालच्याला दिलेली अनुदानं आणि कर्जं एकदा वजा करावीच लागतात.

केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा (विभाज्य, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या करांच्या ४१ टक्के) मात्र वजा करू नका. तो केंद्राच्या ४४.४३ मध्ये मुळातच नसतो, जमेच्या बाजूलाच वळता होतो. निम्मे लोक इथे दुहेरी वजाबाकी करतात.

पागोळी:
ओके, पहिला घोळ सुटला. राज्याच्या अर्थसंकल्पात 'एकूण खर्च' दिसतो, तोच घेऊ?

तळकोकणी:
नको, त्यात जुन्या कर्जाच्या मुद्दलाची परतफेड असू शकते. महसुली खर्च + भांडवली खर्च + दिलेली कर्जं व आगाऊ रकमा, एवढंच धरा. व्याज राहू द्या, मुद्दल काढा. हाताने करायचा कंटाळा असेल तर केंद्र-राज्यांचे एकत्रित आकडे आपसांतले व्यवहार वजा करून रिझर्व्ह बँक छापते, ते वापरा.

खाडीकाठ:
अजून एक. जीडीपीच्या सूत्रातला 'सरकारी अंतिम उपभोग खर्च' म्हणजे हा खर्च नव्हे. त्यात व्याज, शेतकऱ्यांच्या खात्यावर जाणारे पैसे, रस्ते-पुलांची गुंतवणूक येत नाही. उलट तुमच्या अंशात हे सगळं आहे, म्हणून 'जीडीपीचा इतका हिस्सा सरकारचा' असं वाक्य लिहू नका, 'जीडीपीच्या तुलनेत' लिहा. आणि वर्षावर्षांची रेघ काढणार असाल तर २०१९-२० चे १३.४ आणि २०२०-२१ चे १७.७ टक्के नीट समजावून सांगा. खर्च २६.८६ वरून ३५.१० लाख कोटींवर गेला, टाळेबंदीने जीडीपी आक्रसला, शिवाय धान्याच्या अनुदानापोटी अन्न महामंडळाच्या नावावर काढलेली उधारी त्या वर्षी अर्थसंकल्पात ओढली गेली. म्हणजे वाढीतला काही भाग निव्वळ हिशेबाची जागा बदलल्याचा.

तळकोकणी:
जिल्ह्याचं राहिलं. छेद मिळतो, अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हा उत्पन्नाचे अंदाज काढतं. अडचण अंशाची. कोषागारातून गेलेला पैसा म्हणजे जिल्ह्यात झालेला खर्च नव्हे. महामार्गाच्या ठेकेदाराचं बिल भलतीकडेच निघतं, काम संगमेश्वरात. कोकण रेल्वे ही कंपनी, तिचा गाड्या चालवण्याचा खर्च सरकारी खर्चात येतच नाही, सरकारने तिला दिलेलं भांडवल येतं. आणि जिल्हा नियोजन समितीचा आराखडा म्हणजे जिल्ह्यातला सगळा सरकारी खर्च नव्हे, शिक्षकांचे पगारही त्याबाहेर. रकाना हवाच असेल तर टक्के सोडा. मोजक्या योजनांचा दरडोई खर्च रुपयांत द्या आणि कुठल्या योजना धरल्या ते तळटीपेत लिहा.