प्री-क्लीनरच्या टायमिंग बेल्टचा आवाज: शिट्टी, टक-टक आणि चोकअपला खडखड

रुई_सरकी (राळेगाव भाग)

नमस्कार मंडळी. जिनिंगमधल्या प्री-क्लीनरच्या (कापूस आधी साफ करणारं यंत्र) सिलिंडरचे व्ही-बेल्ट काढून यंदाच्या हंगामात टायमिंग बेल्ट (दातांचा पट्टा) बसवला आहे. माहिती अशी:

मोटर १० एचपी, १४४० आरपीएम, स्टार-डेल्टा स्टार्टर. मोटरवर ३६ दात, सिलिंडरवर ७२ दात. बेल्ट ८एम (दोन दातांतलं अंतर, म्हणजे पिच, ८ मिमी), लांबी १७६० मिमी, रुंदी ५० मिमी. पुल्या टेपर-लॉक बुशच्या (निमुळत्या बुशने शाफ्टवर आवळायच्या). मोटरचे रेल (मोटर मागे-पुढे सरकवायच्या पट्ट्या) जुनेच, व्ही-बेल्टच्या वेळचे.

आवाज तीन प्रकारचे आहेत. एक, सतत बारीक शिट्टी. पहिल्या दिवशी कमी होती, आता शेडच्या दाराशी उभं राहिलं तरी ऐकू येते. दोन, मधूनमधून टक-टक. तीन, ओला कापूस तुंबून चोकअप झाला की सिलिंडर जड होतो आणि क्षणभर खडखड वाजतं. गार्डखाली काळी भुकटी पडते, बेल्टची मोटरकडची कड जरा फुसफुसली आहे. फिटर म्हणतो राळ लावा. लावावी का?

पट्टा_पुली

राळ अजिबात लावू नका. राळ सपाट पट्ट्यासाठी, तिथे घर्षणावर काम चालतं. टायमिंग बेल्ट दातावर ओढतो, त्याला चिकटपणा नकोच. तुमच्याकडे तर रुई उडते. चिकट दातावर ती बसली की दोन दिवसांत खाचेत नमदा तयार होईल.

आता टक-टक. पहिले मोजा, मंग बोला. मोटरची पुली सेकंदाला २४ फेरे मारते, सिलिंडरची १२. बेल्टला २२० दात आहेत (१७६० भागिले ८), म्हणजे तो मिनिटाला साधारण २३६ फेरे घेतो, सेकंदाला ४ ला थोडे कमी. सेकंदाला २४ ठोके कानाला सुटे ऐकूच येत नाहीत, त्याची घरघर होते. १२ ठोके म्हणजे फडफड. ज्याला आपण टक-टक म्हणून मोजू शकतो तो आवाज बहुधा बेल्टच्याच फेऱ्याचा असतो.

मोबाइलवर दहा सेकंद आवाज रेकॉर्ड करा, हळू करून ऐका. ३९-४० ठोके निघाले तर दोष बेल्टमध्ये: तडकलेला दात, दुमडून मोडलेला कॉर्ड (बेल्टच्या आतला दोरा) किंवा दातात रुतलेली सरकी. १२० च्या आसपास आले तर मोठी पुली: खाचेत काहीतरी अडकलंय किंवा बुश तिरका बसलाय. २४० आले तर मोटरची पुली.

वाइंडिंगवाला

बेल्टला हात लावण्याआधी एक सोपी परीक्षा. पूर्ण वेगात असताना बटण बंद करा आणि कान द्या. वीज गेल्या क्षणी आवाज तुटला तर तो मोटरचा, विजेचा. वेगाबरोबर खाली उतरत गेला तर बेल्ट, पुली किंवा बेअरिंग. तुमच्याकडे स्टार-डेल्टा आहे म्हणून एक शंका गेली. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) असता तर त्याची स्वतःची शिट्टी असते आणि लोक ती बेल्टच्या माथी मारतात. ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी बदलली की तिचा सूर बदलतो, बेल्टचा बदलत नाही.

बेअरिंगसाठी लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या, टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर आणि मूठ कानाच्या हाडाला. फिरत्या भागापासून टोक दूर ठेवा, बाह्या खोचलेल्या असू द्या. मोटरची दोन आणि सिलिंडरची दोन अशी चारही बेअरिंगं ऐका. एकातच खरखर असेल तर ते वेगळं काम आहे.

हिंगणघाटकर_फिटर

शिट्टीबद्दल थोडं सविस्तर. दात खाचेत शिरताना अडकलेली हवा बाहेर फेकतो आणि दाताची टक्करही होते. ३६ दात गुणिले सेकंदाला २४ फेरे, म्हणजे ८६४ हर्ट्झ. हा सूर प्रत्येक टायमिंग बेल्टला असतोच. बेल्ट रुंद आणि वेग जास्त असला की तो मोठा येतो. व्ही-बेल्टची शांतता यातून मिळणार नाही. पण पहिल्या दिवशी कमी आणि आता जास्त, हे मात्र बरोबर नाही.

जिनिंगमध्ये याचं पहिलं कारण खाचेतली रुई. मशीन बंद करा, आयसोलेटरला (वीज तोडायच्या मुख्य स्विचला) कुलूप घाला आणि बेल्ट उतरवून मोटरच्या पुलीची खाच नखाने खरवडून बघा. वरून खाच स्वच्छ दिसते, पण तळाशी करड्या रंगाचा, पुठ्ठ्यासारखा घट्ट थर असतो. तो अर्धा मिलिमीटर जरी असला तरी बेल्ट तेवढा वर उचलला जातो, पुलीचा घेर ३ मिमीने वाढतो, आणि दात ८ ऐवजी जवळजवळ ८.०९ मिमीवर यायला हवेत असं होतं. लहान पुलीवर एका वेळी १७ दात बसतात. शेवटच्या दातापर्यंत दीड मिमीची चूक जमते. मग दात खाचेत सरळ न उतरता कडेला घासत उतरतो. शिट्टीही तीच, काळी भुकटीही तीच.

थर काढायला बांबूची काडी आणि नायलॉनचा ब्रश वापरा. हॅकसॉचं पातं नको, ओरखडे पडले की नवा बेल्टही कापला जातो.

दुसरं, कड फुसफुसली म्हणजे अलाइनमेंट. टायमिंग बेल्टला पाव अंशापेक्षा जास्त तिरकेपण चालत नाही, म्हणजे मीटरला साधारण ४.४ मिमी. तुमच्या दोन शाफ्टमधलं अंतर हिशोबाने ६६० मिमी येतं, तर ३ मिमीच्या आत राहा. सूत दोन्ही पुल्यांच्या तोंडाला धरून चार ठिकाणी बघा. पुली अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा. दुसऱ्या वेळी फरक पडला तर शाफ्ट नाही, पुली वाकडी बसली आहे. टेपर-लॉकचे दोन स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळायचे असतात. एकच आधी पूर्ण आवळला की पुली डुलते. बुशच्या निमुळत्या भागाला ग्रीस लावू नका.

आणि एक गोष्ट आवाजापेक्षा मोठी. बेल्टची कड फ्लँजला (पुलीच्या कडेच्या कठड्याला) घासून फ्लँज तापतो. मशीन थांबल्यावर हाताचा पंजा फ्लँजजवळ न्या. धग लागत असेल तर त्याच दिवशी सुरू करू नका, आजूबाजूला रुई आहे.

पट्टा_पुली

खडखडीबद्दल राहिलंच. व्ही-बेल्ट चोकअपला घसरत होता, म्हणजे तोच तुमचा फ्यूज होता. टायमिंग बेल्ट घसरत नाही, दात उडी मारतो. ती खडखड म्हणजे उडी. एका उडीत दाताच्या मुळाशी चीर पडू शकते.

जुने स्लाइड रेल हे मला सर्वात संशयास्पद वाटतात. बेल्ट लावताना ताण बरोबर असतो, पण ओढ बसली की मोटर एक-दोन मिमी पुढे सरकते आणि ताण जातो. चालू मशीनवर लोड येताना गार्डच्या जाळीबाहेरून मोटरचा पाया बघा, हलतो का. हलत असेल तर जाड पट्टीचा एकच बेस करा.

ताण असा तपासा: ६६० मिमीच्या गाळ्यात मध्यभागी दाबून बेल्ट १० मिमी खाली यायला हवा (गाळ्याची लांबी भागिले ६४). साध्या स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून बघा. तुमच्या लोडला ही ओढ ४ ते ६ किलोच्या दरम्यान यावी, अंतिम आकडा बेल्टच्या कॅटलॉगमधला. ढिला असेल तर फटफट आणि उडी, ताठ असेल तर शिट्टी आणि बेअरिंगचा जीव.

रुई_सरकी (राळेगाव भाग)

धन्यवाद भाऊ. मोजलं. दहा सेकंदात ३९ ठोके. बेल्ट उतरवून उलटा वाकवला तर लागून असलेल्या दोन दातांच्या मुळाशी चीर दिसली. लहान पुलीच्या खाचेत थर निघाला, अगदी पुठ्ठाच. ५ किलोच्या ओढीने बेल्ट फक्त ३ मिमी खाली येत होता, म्हणजे फारच ताठ. मोटर लोडला हलते हेही खरं. सूत लावलं तर ५ मिमीचा फरक. नवीन बेल्ट लावतो, मग पुरेल का?

हिंगणघाटकर_फिटर

आता ताण वाढवत का गेले हे कळलं. मोटर सरकत होती, म्हणून उडी येत होती, उडी आली की ताण वाढवला जात होता. नवा बेल्ट याच रेलवर लावला तर तोही असाच जाईल.

क्रम असा ठेवा: आधी बेस पक्का, मग अलाइनमेंट, मग खाच स्वच्छ, शेवटी बेल्ट. बेल्ट पहारीने फ्लँजवरून चढवू नका, मोटर मागे घेऊन हाताने बसवा. पुलीचा शिक्का बघून प्रोफाइल (दाताचा आकार) जुळवून घ्या. पुली एचटीडी ८एम असेल तर बेल्टही तोच. पिच ८ मिमीच असला तरी एस८एमच्या दाताचा आकार वेगळा असतो, तो त्याच खाचेत आवाज करतो आणि लवकर झिजतो.

वाइंडिंगवाला

चोकअपसाठी ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) तपासा. १० एचपीला पूर्ण लोडचा करंट साधारण १४ ते १५ अँपिअर, नेमका नेमप्लेटवर बघा. स्टार-डेल्टामध्ये रिले वाइंडिंगच्या सर्किटात, मेन कॉन्टॅक्टरच्या खाली असेल तर त्याच्यावर ०.५८ पटच सेट करायचा, म्हणजे ८.४ च्या आसपास. बऱ्याच पॅनलला तो १५ वर ठेवलेला सापडतो, मग रिले पडण्याआधी बेल्टचा दात पडतो. तरी रिले हळू पडतो, क्षणभराच्या झटक्याला तो वाचवत नाही. ओला कापूस रोजचाच असेल तर सिलिंडरच्या बाजूला शिअर-पिन (जोर वाढला की स्वतः तुटणारी खीळ) द्या.

पट्टा_पुली

सुटा बेल्ट नागपूरहून आणला तर खिळ्याला टांगू नका, बारीक खिळ्यावर वजनाने तो तिथेच दुमडतो आणि आतले कॉर्ड मोडतात. सपाट ठेवा, ऊन आणि तेल लागू देऊ नका. पहिल्या २४ तासांनंतर ताण एकदा परत बघा, आणि आठवड्यातून एकदा बंद मशीनवर खाच. हंगामात रुई तेवढ्यात पुन्हा साचते.