'वासंतिक हिमथर' की 'मुरलेला हिमथर'?

प्रश्न : गिर्यारोहणावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. भर जानेवारीत डोंगरावर 'स्प्रिंग स्नोपॅक' झाल्याचा त्यात उल्लेख आहे. 'वासंतिक हिमथर' चालेल का?

उत्तर : 'हिमथर' जरूर ठेवा. 'वासंतिक' मात्र काढा. वसंत म्हटलं की मराठी वाचकाला पालवी आणि मोहोर दिसतो. इथे सांगायचा आहे तो ऋतू नव्हे, बर्फाची अवस्था.

हिवाळ्यात हिमथर आतून शून्याच्या खाली असतो. पृष्ठभागावर थोडं वितळलं तरी ते पाणी आत झिरपून पुन्हा गोठतं आणि गोठताना उष्णता सोडतं. 1 ग्रॅम पाणी गोठताना सुमारे 80 कॅलरी सुटतात. तेवढ्यात जवळजवळ 160 ग्रॅम बर्फ 1 अंशाने तापतो. असं करत करत वरपासून बुडापर्यंत सगळा थर 0 अंश सेल्सिअसला आला, की पुढची उष्णता वितळवण्यातच खर्ची पडते. दाण्यांच्या फटीत मावेल तेवढं पाणी थर धरून ठेवतो, उरलेलं बुडातून वाहू लागतं. ऊब टिकली आणि वर पाऊस पडला, तर हे जानेवारीतही घडतं.

म्हणून मी 'मुरलेला हिमथर' सुचवतो. यात पाणीही मुरतं आणि थरही मुरतो, दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात येतात.

प्रश्न : त्याच लेखात 'कॉर्न स्नो' आहे. मक्याचा बर्फ?

उत्तर : नको, मक्याचा काही संबंध नाही, मूळ अर्थ दाणा. 'रवाळ बर्फ' म्हणा. दिवसा वितळून रात्री गोठण्याच्या फेऱ्यांत हिमकणांचे टोकदार हात झडतात आणि काही मिलिमीटरचे गोलसर दाणे उरतात. पहाटे ते एकमेकांना चिकटलेले असतात, क्रॅम्पॉनचे (बुटांखाली बांधायच्या लोखंडी काट्यांचे) दात कचकन रुततात. दुपारपर्यंत सांधे सुटतात, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो आणि उतारावर ओलं हिमस्खलन होण्याचा धोका वाढतो. गिर्यारोहक रात्रीच का निघतात, हे भाषांतरात स्पष्ट व्हायलाच हवं.

प्रश्न : मग 'फर्न' म्हणजेही हेच का?

उत्तर : नाही. उन्हाळा काढूनही शिल्लक राहिलेलं जुनं हिम म्हणजे फर्न. दाबाखाली त्याचाच पुढे हिमनदीचा बर्फ होतो.

आणखी एक. तुमच्या मसुद्यात 'बर्फ विरघळतो' आलंय, ते बदला. मीठ पाण्यात विरघळतं, बर्फ वितळतो. तसंच रात्री पाणी 'गोठतं'. 'थिजणं' तेलातुपासाठी राहू द्या.